आकाशाची गोष्ट आपल्या भाषेत कोण सांगणार?

चाळीसगावच्या बाजूला, सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटण नावाचे ठिकाण आहे. पाटणादेवीचे देऊळ म्हणून खानदेशातले लोक ते ओळखतात. पितळखोऱ्याची बौद्ध लेणी तिथून जवळच, वर डोंगरात. जामनेरहून पाचोरा, चाळीसगाव करीत निघाले तर एका दिवसात जाऊन येता येते. या पाटणला एक जुना शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांच्या नजरेस आणला. थोर गणिती भास्कराचार्य (जन्म इ.स. १११४) यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी पाटणला मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेव राजाने इ.स. १२०७ मध्ये त्या मठाला दान दिले, असे त्यात कोरलेले आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्याच जळगाव जिल्ह्यात आकाशाचे गणित शिकविणारी शाळा होती!

अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु तो शिलालेख नीट पाहिला की मनात एक प्रश्न उभा राहतो. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत श्लोकांत आहे. घराण्याची थोरवी, भास्कराचार्यांची विद्वत्ता, ग्रंथांची नावे, सारे संस्कृतात. शेवटच्या ओळी मात्र मराठीत आहेत, अगदी जुन्या मराठीत. आणि त्या मराठी ओळींत काय आहे? बाजारात माल विकला गेला की मठाला किती द्यायचे, तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे पळी पळी तेल कसे द्यायचे, याचा हिशेब! विद्येची भाषा एक आणि वसुलीची भाषा दुसरी. घाणा चालविणाऱ्याला तेल किती घालायचे ते त्याच्या बोलीत कळले. चंद्राला ग्रहण का लागते ते मात्र कोणी त्याच्या बोलीत सांगितले नाही.

आणि गंमत पाहा, ते दान दिले गेले ते चंद्रग्रहणाच्या मुहूर्तावर.

आता दुसरे चित्र आठवा. आपल्या आजी-आजोबांनी ते डोळ्यांनी पाहिलेले आहे. ग्रहण लागले की गावकुसाबाहेरची माणसे, विशेषतः मातंग समाजातली, टोपली घेऊन गावात फिरत आणि ‘दे दान, सुटे गिराण’ असे ओरडत. राहू-केतूचे नाते त्यांच्याशी जोडून दिलेले होते ना! मग गावातून पसाभर धान्य, जुनेर, एखादा तांब्याचा पैसा त्यांच्या टोपलीत पडे. ग्रहणाचे गणित ज्याला येई त्याच्या मठाला ग्रहणात राजाचे दान मिळे. ज्याला ते गणित कधी शिकूच दिले नाही, त्याने त्याच ग्रहणात दारोदार हात पसरायचा. आकाशाचे ज्ञान कोणाकडे आहे आणि ते कोणापर्यंत पोहोचते, हा प्रश्न आपल्यासाठी शाळेच्या पुस्तकातल्या धड्यापुरता नाही, तो याच कारणाने.

ज्ञान नव्हते असे म्हणता येणार नाही. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये लिहून ठेवले होते की पृथ्वीची सावली चंद्रावर पडते तेव्हा चंद्रग्रहण होते आणि चंद्र सूर्याला झाकतो तेव्हा सूर्यग्रहण. भास्कराचार्यांना तर हे पक्के ठाऊक होते, त्यांनी त्याचे बिनचूक गणित मांडले. पण वेद-पुराणांत राहू सांगितला आहे, त्याचे काय करायचे? त्यांनी तोड काढली. राहू हा काळोखाच्या रूपाने पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि चंद्राला झाकतो, ब्रह्मदेवाने त्याला तसा वर दिला आहे, असे त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त लिहिले. गणितही राहिले, राहूही राहिला! एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसाने इथे माघार घेतली, असेच आम्हाला वाटते. विद्वानाने खरे तेवढे ठामपणे सांगितले नाही की त्याची किंमत अडाणी ठेवलेल्या माणसाला मोजावी लागते.

युरोपात तरी याहून वेगळे काय होते? गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहिलेले पहिले शोध १६१० मध्ये लॅटिनमध्ये छापले. ते पंडितांनी वाचले. पुढे १६३२ मध्ये, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सांगणारा संवादरूपी ग्रंथ त्याने मुद्दाम आपल्या लोकांच्या इटालियन भाषेत लिहिला, आणि दुसऱ्याच वर्षी त्याच्यावर धर्मपीठासमोर खटला चालला. लोकांच्या भाषेत बोलणे किती जड जाते ते यावरून समजावे.

आपल्या महाराष्ट्रात हे काम ज्यांनी आयुष्यभर केले ते डॉ. जयंत नारळीकर. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापुरात १९३८ साली जन्म, बनारसला शिक्षण, पुढे केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल या नामवंत खगोलशास्त्रज्ञाबरोबर संशोधन. १९७२ मध्ये ते मायदेशी परतले. १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली, तिचे ते पहिले संचालक. ही झाली त्यांची मोठी बाजू. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कोणा लेखकाची ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. हे जगताप म्हणजेच नारळीकर! ज. वि. ना. ही आपली आद्याक्षरे त्यांनी उलटी फिरविली होती. नाव पाहून परीक्षकांनी बक्षीस देऊ नये, कथा वाचून द्यावे, एवढाच त्यात हेतू. नावावरून माणूस तोलण्याची सवय असलेल्या आपल्या देशात ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

त्यानंतर त्यांनी मराठीत कथा, कादंबऱ्या, लेख असे विपुल लिहिले. जगातल्या शास्त्रज्ञांत बसणारा माणूस रविवारच्या वर्तमानपत्रात साध्या मराठीत लिहितो, हे त्या काळी नवलाचे होते. युनेस्कोचे कलिंग पारितोषिक त्यांना १९९६ मध्ये मिळाले ते विज्ञान लोकांपर्यंत नेण्याच्या कामाबद्दलच. नाशिकला २०२१ मध्ये झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद एका शास्त्रज्ञाला मिळाले, तेही त्यांच्या रूपाने. प्रकृतीमुळे त्यांना तिथे जाता मात्र आले नाही.

त्यांची एक पद्धत प्रत्येक शिक्षकाने उचलावी अशी आहे. व्याख्यान संपले की मुले वही पुढे करून सही मागत. नारळीकर सही देत नसत. ते सांगत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहीन आणि त्याखाली माझी सही असेल. पोस्टकार्डाला पैसे किती लागतात? कापूस वेचणाऱ्या बाईच्या मुलालाही ते परवडत होते. त्या मुलाला आधी विचार करावा लागे, आपल्याला नेमके काय विचारायचे आहे! सही हे निमित्त. खरी गोष्ट ही की शास्त्रज्ञ आणि खेड्यातले पोर यांच्यात प्रश्न-उत्तर सुरू झाले. नुसते बोलणाऱ्याला लोक टाळ्या देतात; उत्तर देणाऱ्याला प्रश्न विचारतात.

नारळीकरांनी आणखी एक काम केले, आणि त्याबद्दल आपल्या समाजाने त्यांचे ऋण मानले पाहिजे. त्यांनी कुंडलीची परीक्षा घेतली. ‘ज्योतिष थोतांड आहे’ असे नुसते भाषणात सांगून मोकळे झाले नाहीत. २००८ च्या सुमारास डॉ. नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे यांच्याबरोबर त्यांनी २०० मुलांच्या कुंडल्या जमविल्या. त्यांतली १०० मुले शाळेत हुशार गणलेली, १०० मतिमंद. ज्योतिषांना जाहीर आवाहन केले: या, कुंडली पाहून सांगा कोणती हुशार मुलाची, कोणती मतिमंद मुलाची. प्रत्येकाला ४० कुंडल्या. पन्नासच्या वर ज्योतिषांनी कुंडल्या मागविल्या, उत्तरे आली फक्त २७ जणांची. त्यांची बरोबर उत्तरे सरासरीने ४६ टक्के निघाली. एका ज्योतिष संस्थेने सर्वच्या सर्व २०० कुंडल्या घेतल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली. अहो, नाणे उडवून छापा-काटा केला असता तरी शंभरात पन्नास बरोबर आलेच असते! २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात हे सारे छापून आले.

माता-भगिनींनो, हा आकडा घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना आठवावा. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपण मुहूर्त सोडला, भटजी सोडला. रविवारी, सुटीच्या दिवशी, बुद्धवंदना घेऊन लग्ने लावू लागलो. तरी आजही कोणी कोणी दाराआड हळूच विचारतो, ‘मुलीला मंगळ तर नाही ना?’ त्या मंगळाभोवती आपल्या देशाचे यान २४ सप्टेंबर २०१४ ला जाऊन पोहोचले. तिथे तांबडी धूळ आहे, विरळ हवा आहे, थंडी आहे. जामनेरच्या एखाद्या मुलीचे लग्न मोडण्याची व्यवस्था तिथे कुठेही आढळली नाही! दाभोलकरांचा पुढे २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. प्रश्न विचारायला लावणे हे किती धोक्याचे काम आहे, हे यावरून दिसते.

लोकांना सांगितले की फरक पडतो, हे ग्रहणांनीच दाखवून दिले आहे. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाच्या वेळी मोठमोठ्या शहरांतले रस्ते ओस पडले होते. शिकलेसवरलेले लोकसुद्धा दारे-खिडक्या लावून बसले. पुढच्या पंधरा वर्षांत हॅलेचा धूमकेतू येऊन गेला, १९८७ मध्ये भारत जन विज्ञान जथा देशभर फिरला, विज्ञान परिषदा आणि अंधश्रद्धा निर्मूलनवाले गावोगाव बोलत राहिले. २४ ऑक्टोबर १९९५ ला खग्रास ग्रहण झाले तेव्हा लोक चष्मे घेऊन रस्त्यावर उतरले, दूरदर्शनने ते थेट दाखविले. माणसे तीच, सूर्यही तोच. मधल्या काळात सांगणारे भेटले.

तरीही काम अर्धेच झाले आहे. गरोदर लेकी-सुनेला ग्रहणात कोंडून ठेवणारी, तिच्या हातून विळी काढून घेणारी घरे आजही आहेत, आणि ती केवळ दुसऱ्यांच्या वस्तीत आहेत असेही नाही. याला नुसते अज्ञान कारणीभूत आहे काय? आम्हाला तसे वाटत नाही. सांगणाऱ्यांचेही काही चुकते.

एक तर भाषा. मराठीत लिहिले म्हणजे ते आपल्याला कळले असे होत नाही. दीर्घिका, तेजोमेघ, विषुवांश हे शब्द मराठीच. पण कोणाच्या घरात ते बोलले जातात? आपली तावडी बोलणाऱ्या म्हाताऱ्या बाईला ‘मृग तारकासमूह’ म्हणा, ती गप्प राहील. ‘तिकांडे’ म्हणा, ती लगेच बोट दाखवील. सप्तर्षी तिला माहीत नसतील, पण म्हातारीची बाज आणि ती पळविणारे तीन चोर तिने लहानपणापासून पाहिलेले आहेत. रोहिणी, मृग, आर्द्रा यांची नावे शेतमजुराला तोंडपाठ असतात. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो म्हणजे सूर्य आकाशात त्या ताऱ्यांच्या घरात येतो, हे खरे खगोलशास्त्र आहे आणि ते आपल्याकडे शेताच्या बांधावर जिवंत आहे. नक्षत्राचे वाहन बेडूक की उंदीर यावरून पाऊस सांगणे, हे मात्र त्यात घुसडलेले. शास्त्रज्ञाने इथून सुरुवात करावी. आमच्याजवळ जे आहे ते आधी विचारावे, त्यातले खरे कोणते आणि भेसळ कोणती ते निवडून दाखवावे. पाटी कोरी आहे असे समजून बोलणाऱ्याचे कोण ऐकणार?

दुसरे म्हणजे जागा. आयुकात दुसऱ्या शनिवारी मुलांसाठी व्याख्याने होत आली. तिथल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी बरीच वर्षे काड्यापेटीच्या काड्या, सायकलची रबरी नळी, जुन्या बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी करून दाखविली. फार चांगले काम! पण ते पुण्यात. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती उभारली. तिथे २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आसपासच्या खेड्यांतली मुले आपापले प्रयोग घेऊन येतात, शेतकरी बायका-मुलांसह दुर्बीण पाहून जातात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो’ची वेधशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांत आइन्स्टाईनने सांगितलेल्या गुरुत्वीय लहरी पकडायच्या. केंद्र सरकारने २०२३ मध्ये तिला अंतिम मंजुरी दिली. ज्यांच्या शिवारात हे उभे राहणार त्या माणसांना ते काय आहे हे समजावून सांगणे, ही आता शास्त्रज्ञांची परीक्षाच आहे. जामनेरसारख्या तालुक्याच्या गावाला तर अशी दुर्बीण नाही, तारांगण नाही. मग इथल्या पोरांनी काय करायचे?

तिसरी गोष्ट सांगणाऱ्याच्या प्रतिष्ठेची. अमेरिकेतल्या कार्ल सेगनने १९८० मध्ये ‘कॉसमॉस’ मालिकेतून कोट्यवधी लोकांना विश्व दाखविले. पण १९९२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्याला सभासद करून घेतले नाही. लोकांशी बोलणारा शास्त्रज्ञ जरा हलकाच, अशी एक समजूत पंडितांत असते. आपल्याकडे प्राध्यापकाची बढती शोधनिबंध मोजून होते. त्याने किती खेड्यांत व्याख्यान दिले ते कोण मोजतो?

सेगनचे नाव निघाले की दुसरे एक नाव आल्याशिवाय राहत नाही. हैदराबाद विद्यापीठातला आपला रोहित वेमुला. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. मागे ठेवलेल्या पत्रात त्याने लिहिले होते की त्याला कार्ल सेगनसारखा विज्ञानाचा लेखक व्हायचे होते. तेलुगू मुलखातली आकाशाची गोष्ट कदाचित त्याने सांगितली असती. त्याच्या आधी शंभर वर्षे, बंगालमधल्या एका किराणा दुकानदाराचा मुलगा मेघनाद साहा कलकत्त्याच्या वसतिगृहात राहत होता. जात खालची म्हणून बाकीच्या मुलांना त्याच्या पंगतीला जेवायचे नव्हते. त्याच मेघनादाने १९२० मध्ये ताऱ्यांचा प्रकाश वाचण्याचे सूत्र जगाला दिले. १९३५ मध्ये लोकांसाठी विज्ञानाचे मासिक काढले. १९५२ मध्ये लोकसभेवर निवडून गेला आणि देशातल्या पंचांगांचा गोंधळ निस्तरणाऱ्या समितीचा अध्यक्षही झाला. सांगणारा आपल्यातून यावा असे आम्ही म्हणतो, ते हवेत बोलत नाही.

तोवर आपण काही करू शकतो की नाही? भरपूर! त्याला दुर्बीण लागत नाही.

पत्र्याच्या घरात खिळ्याच्या भोकातून जमिनीवर जो कवडसा पडतो, तो नीट पाहा. भोक वेडेवाकडे असले तरी कवडसा गोल असतो. का? कारण तो भोकाचा आकार नसतोच, ते सूर्याचे चित्र असते. ग्रहणात हाच कवडसा कोरीसारखा होतो. पिठाची चाळण उन्हात धरली तर जमिनीवर शेकडो कोरी दिसतात, निंबाच्या सावलीतही दिसतात. सूर्याकडे पाठ, नजर जमिनीवर, डोळ्यांना धोका नाही. गरोदर बाईनेही ते खुशाल पाहावे. सूर्याकडे थेट मात्र कधीही पाहू नये. जुनी एक्स-रे फिल्म किंवा काजळी धरलेली काचही चालत नाही, ग्रहणाचे खास चष्मेच हवेत.

मे महिन्यात २४-२५ तारखेच्या सुमारास जामनेरला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुपारी १२ वाजून २४ मिनिटांच्या आसपास अंगणात मुसळ सरळ उभे करा, त्याची सावली नाहीशी होते. जुलैत पुन्हा एकदा असे घडते, पण तेव्हा आभाळ भरलेले असते. याला शून्य सावली दिवस म्हणतात. ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या लोकसंपर्क समितीने तो देशभर लोकप्रिय केला. शास्त्रज्ञांनी अलीकडे केलेल्या कामांत हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. साधन घरातले, जागा अंगणातली, आणि प्रत्येक गावाची तारीख वेगळी, त्यामुळे प्रत्येक गाव स्वतःची वेधशाळा! रात्री उत्तरेकडे हात लांब करून क्षितिजापासून दोन मुठी एकावर एक धरा; तिथे ध्रुवतारा सापडेल. जितके उत्तरेला जाल तितका तो वर चढतो, म्हणजे पृथ्वी गोल आहे याचा पुरावा आपल्या मुठीत आहे.

विहारात पौर्णिमेला आपण जमतोच. चंद्र पाहायला मात्र अष्टमीचा उपोसथ अधिक चांगला. अर्ध्या चंद्राच्या उजेड-काळोखाच्या रेषेवर खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात आणि साध्या दुर्बिणीतूनही त्या स्पष्ट दिसतात. तालुक्याच्या एखाद्या शाळेत किंवा महाविद्यालयात कपाटात बंद असलेली दुर्बीण असेल, तर ती त्या संध्याकाळी गच्चीवर मागवून घ्यावी आणि आधी मुलींना पाहू द्यावे.

२ ऑगस्ट २०२७ रोजी सूर्यग्रहण आहे. इजिप्तकडे ते खग्रास दिसेल, आपल्याकडे दुपारनंतर सूर्याचा काही भाग झाकला जाईल. वार सोमवार, शाळा भरलेली असेल. दिवस पावसाळ्याचे असल्यामुळे ढग आड येण्याचा संभव आहे. पण उघडीप मिळालीच, तर त्या दिवशी शाळा लवकर सोडून मुलांना घरी पाठवू नका, असे मुख्याध्यापकांना पालकांनी आतापासून सांगून ठेवावे, आणि मुलांनी दप्तरात घरची चाळण न्यावी.